बॉलपार्क : अंदाजाचं कुंपण

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पडद्यावर अमेरिकेतला क्लायंट, त्याची नुकती सकाळ झालेली. काम किती आठवड्यांचं, असं तो विचारतो. इकडचा इंजिनिअर चाचरतो, कारण निम्मे तपशील अजून हातात आलेले नाहीत. मग आपलाच मॅनेजर मदतीला धावतो : ‘‘अरे, पक्कं नकोय, नुसता बॉलपार्क सांग.’’ इंजिनिअर सांगतो, ‘‘सहा आठवडे.’’ दुसऱ्या दिवशी तो आकडा ईमेलमध्ये जातो, आठवड्याभरात एक्सेलच्या रकान्यात बसतो आणि महिन्याभराने तोच मॅनेजर विचारतो, ‘‘सहाच म्हणाला होतास ना तू?’’

मधल्या मधे ‘बॉलपार्क’ गळून पडला. आकडा तेवढा पुढे गेला.

अंदाज दाखवणाऱ्या सगळ्याच शब्दांची ही अडचण आहे. ते आकड्याला चिकटून येतात, पण घट्ट चिकटत नाहीत. हा शब्द आला कुठून, इंग्रजीत तो कुठे शोभतो नि कुठे शोभत नाही, त्याची भावंडं काय करतात आणि मराठीला त्याची खरोखर गरज आहे का, हे एकदा सलग पाहायला हवं.

आत इंच, बाहेर मोकळीक

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, प्रेक्षकांच्या बाकांसकट आणि कुंपणासकट. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रुळलेला हा साधा शब्द. आपल्याकडे बेसबॉल फारसं कुणी पाहत नाही, तरी शब्दाचा अर्थ उमगायचा तर त्या मैदानात एक चक्कर मारायलाच हवी.

या मैदानाची एक गंमत आहे. त्याच्या आतल्या चौकोनात मोजमाप अगदी काटेकोर. एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर, चेंडू फेकणाऱ्याची पट्टी फटका मारणाऱ्याच्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. हे सहा इंच कुठल्याही गावी बदलत नाहीत. बाहेरचं कुंपण मात्र जागेप्रमाणे. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये (१९१२) डाव्या बाजूचं कुंपण अवघ्या ३१० फुटांवर आहे, म्हणून तिथे ३७ फूट उंच भिंतच उभी केली आहे. शिकागोच्या रिग्ली फील्डमध्ये (१९१४) तेच अंतर ३५५ फूट. व्यावसायिक संघांच्या नव्या मैदानांसाठी १९५८ पासून किमान अंतरं नियमात आली : दोन्ही कडांना ३२५ फूट आणि मधोमध ४०० फूट. जुनी मैदानं जशी होती तशीच राहिली. क्रिकेट पाहणाऱ्याला हे परकं वाटायला नको. खेळपट्टी सगळीकडे २२ यार्डांची, पण सीमारेषा पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६५ ते ९० यार्डांच्या दरम्यान कुठेही असू शकते.

कुंपण कुठे आहे यावर खेळाचा निकाल कसा फिरतो, हे न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर २९ सप्टेंबर १९५४ रोजी दिसलं. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवा डाव, गुणसंख्या बरोबरीत. क्लीव्हलंडच्या व्हिक वर्ट्झने चेंडू मधोमध चारशेहून अधिक फूट लांब मारला. इतर बहुतेक मैदानांत तो कुंपणाबाहेर गेला असता. इथे मधलं अंतर अफाट होतं. यजमान न्यूयॉर्क संघाचा विली मेझ पाठमोरा धावत गेला आणि त्याने तो झेल घेतला. दहाव्या डावात यजमान संघाच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या कडेला जेमतेम २६० फुटांचा फटका मारला. त्या बाजूचं कुंपण जवळ असल्याने तो होम रन ठरला आणि सामनाही त्यानेच जिंकून दिला. चारशेवर फुटांचा फटका बाद आणि २६० फुटांचा विजयी! ‘बॉलपार्कमध्ये आहे’ असं कुणी म्हणालं, की ‘कुठल्या बॉलपार्कमध्ये?’ हा प्रश्न का विचारावा, ते या एका सामन्याने कळतं.

आभाळातून उतरलेली कुपी

मैदानाचा हा शब्द आकड्यांना कसा चिकटला? सामन्याला किती माणसं आली याचा समालोचक नजरेने अंदाज सांगत, त्यावरून ‘बॉलपार्क फिगर’ आलं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ऐकायला ते सोयीचं आहे. पण शब्दांचा माग काढणारे अभ्यासक बोट ठेवतात ते ऑगस्ट १९६० मधल्या अंतराळाच्या बातम्यांवर.

१८ ऑगस्ट १९६० रोजी कॅलिफोर्नियातून ‘डिस्कव्हरर १४’ उपग्रह सुटला. दुसऱ्या दिवशी त्यातली कुपी पॅराशूटवर तरंगत हवाईजवळच्या समुद्रावर उतरू लागली. सी-११९ जातीचं एक विमान शेपटीमागे आकडे लावलेली दोरी सोडून तिच्या मागे लागलं होतं. दोन प्रयत्न हुकले, तिसऱ्यांदा पॅराशूट आकड्यात अडकलं आणि कुपी हवेतच पकडली गेली. कक्षेतून परतलेली वस्तू हवेत झेलण्याची ती पहिली वेळ. कुपी ठरलेल्या मध्यबिंदूवर उतरली नव्हती, पण विमानांनी आखून घेतलेल्या विस्तीर्ण पट्ट्यात होती. या पट्ट्याला त्या वेळच्या बातम्यांत ‘बॉलपार्क’ म्हटलेलं आढळतं. जगाला हा विज्ञानाचा प्रयोग म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षात कुपीत सोव्हिएत भूमीची हेरगिरीची छायाचित्रं होती. ‘कोरोना’ नावाची ही योजना १९९५ मध्ये उघड झाली.

शब्दाचा अर्थ इथे पुरता बसला. नेम मध्यावर लागलेला नाही, पण विमान पोहोचू शकेल इतकी वस्तू जवळ आहे. ‘चुकलं’ आणि ‘बरोबर आलं’ यांच्या मधला हा तिसरा निकाल : हाती लागण्याजोगं. लवकरच कचेऱ्यांत, कंत्राटदारांत आणि राजकारणात ‘बॉलपार्क फिगर’ रूढ झालं.

वापरायचा कसा

हा शब्द तीन प्रकारे येतो. विशेषण म्हणून : ‘बॉलपार्क फिगर’, ‘बॉलपार्क एस्टिमेट’. नाम म्हणून : दोन आकडे ‘एकाच बॉलपार्कमध्ये’ आहेत, म्हणजे त्यांची तुलना होऊ शकते, एखादा आकडा ‘बॉलपार्कमध्येही नाही’, म्हणजे बोलणंच खुंटलं. आणि क्रियापद म्हणून : ‘खर्च बॉलपार्क करून दे.’ हे शेवटचं रूप कचेरीच्या बोलीतलं.

शब्दाचा सूर बोलण्याचा आहे. संशोधन निबंधात, करारात किंवा न्यायालयात तो सैल वाटतो. पैसा, वेळ, माल अशा मोठ्या आणि अजून नक्की न झालेल्या राशींना तो शोभतो. ‘बॉलपार्क तीन मुलं’ असं कुणी म्हणत नाही, आणि शिलालेखाच्या सनालाही हा शब्द लावत नाही. आकडा उद्या-परवा नक्की होणार आहे, तोवर काम अडू नये म्हणून हा घ्या, असा त्यात गर्भितार्थ असतो.

विस्तार किती? याला ठरलेलं उत्तर नाही, तो कामावर ठरतो. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुस्फोटाची चाचणी झाली, तेव्हा काही मैलांवर उभ्या असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मीने हातातले कागदाचे कपटे सोडले. धक्क्याची लाट आल्यावर ते सुमारे अडीच मीटर सरकले. त्यावरून त्याने स्फोटाची ताकद दहा हजार टन टीएनटी इतकी काढली. पुढे वर्षानुवर्षं मान्य असलेला आकडा होता एकवीस हजार टनांचा. फर्मीचा अंदाज निम्म्यावर आला, तरी शास्त्रज्ञांना त्याचं कौतुकच वाटत आलं, कारण त्या घडीचा प्रश्न शेकड्यात की हजारात की लाखात, एवढाच होता. स्वयंपाकघराच्या रंगाचं एस्टिमेट असं दुप्पट निघालं तर कौतुक करायला कुणी थांबणार नाही.

भाऊबंद

इंग्रजीत अंदाजाचे शब्द पुष्कळ आहेत आणि शब्दकोश ते एकमेकांना अर्थ म्हणून देऊन टाकतो. पण माणूस अंदाज का सांगतो, या प्रश्नाने ते वेगळे करता येतात.

कधी नेमकं सांगायची गरज नसते. घर स्टेशनपासून किती लांब, तर ‘अबाउट’ दहा मिनिटं. या शब्दाचं जुन्या इंग्रजीतलं मूळ ‘बाहेरून, भोवताली’ अशा अर्थाचं. आकड्याभोवती फेरी मारायची, आत शिरायचं नाही. ‘अराउंड’ आणि ‘रफली’ याच घरातले. ‘अप्रॉक्सिमेटली’ लॅटिनमधून आला, मुळाशी ‘अगदी जवळचा’. तो अहवालात आणि प्रयोगवहीत बसतो, आणि मोजणी केली आहे, फक्त शेवटचे अंक सोडले आहेत, अशी हमी देतो.

कधी अजून कळलेलं नसतं. तिथे ‘बॉलपार्क’, ‘एस्टिमेट’ आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेला ‘गेसटिमेट’. हा शेवटचा शब्द मोठा प्रामाणिक आहे. अंदाजात गणित किती आणि मनाचं किती, हे तो नावातच कबूल करतो.

कधी ते कधीच कळणार नसतं. तिथे ‘सर्का’, लॅटिनमध्ये ‘भोवती’, आणि वापर जवळपास केवळ सनावळीपुरता. संग्रहालयातल्या पाटीवर तो एका ‘सी’पुरता उरतो. आपला ‘सु.’ तेच काम करतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदींत कंसातल्या सनाआधी तो सतत भेटतो. या एका अक्षरामागे किती मेहनत असते, ते अजिंठ्यात दिसतं. तिथल्या उत्तरकालीन लेण्यांचा काळ पूर्वी दोनेक शतकांवर पसरलेला मानत. वॉल्टर स्पिंक या अमेरिकी अभ्यासकाने अनेक दशकं लेण्यांतले अर्धवट खांब, दरवाज्यांच्या खोबण्या, घाईने केलेले बदल तपासले आणि हे बहुतेक काम वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इ.स. ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत झालं, असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण एका ‘सर्का’चं कुंपण दोन शतकांवरून वीस वर्षांवर ओढून आणण्यात एका माणसाचं आयुष्य गेलं, हे खरं.

आणि कधी बांधून घ्यायचं नसतं. त्यासाठी ‘इश’. हा प्रत्यय मुळात लोकांच्या नावांना लागे : इंग्लिश, डॅनिश. मग रंगांना लागला, निळसर-तांबूस अशा छटांसाठी. विसाव्या शतकात तो वयांना आणि वेळांना चिकटला : ‘फोर्टीइश’, ‘एटिश’. आता तर तो सुटाच फिरतो. ‘जेवण झालं?’ ‘इश.’ आठला येतो म्हणणारा उशिरा आला तर तो दोषी. ‘एटिश’ म्हणणारा साडेआठला हसत येऊ शकतो.

‘अबाउट’ म्हणजे दहा टक्के

गप्पांत हे सगळं चालून जातं. पैसे गुंतले की कुणीतरी विचारतंच, ‘अबाउट म्हणजे नेमकं किती?’ निर्यात व्यापारात याचं लेखी उत्तर आहे. बँकांच्या एलसीसाठी, म्हणजे पतपत्रांसाठी, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम जगभर वापरले जातात. त्यांची ‘यूसीपी ६००’ ही आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू झाली. तिच्या तिसाव्या कलमाप्रमाणे रक्कम, माल किंवा दर यांच्या आधी ‘अबाउट’ वा ‘अप्रॉक्सिमेटली’ लिहिलं असेल, तर दहा टक्के कमी-जास्त चालतं. तिसरं कलम सांगतं, की एखाद्या तारखेला ‘ऑन ऑर अबाउट’ लावलं तर ती तारीख धरून आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस चालतील. म्हणजे नाशिकच्या द्राक्षांच्या एलसीत ‘अबाउट ५०० टन’ असेल, तर ४५० ते ५५० टनांपर्यंत बँकेला हरकत नाही. ‘ऑन ऑर अबाउट १५ मार्च’ असेल तर १० ते २० मार्च. गावगप्पांतल्या शब्दाला इथे दोन्ही बाजूंनी खांब पुरले आहेत.

हवामान खात्यानेही असंच केलं आहे. मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के झाला, तर त्यालाच ‘सर्वसाधारण’ म्हणायचं.

सगळेच शब्द असे आवरत नाहीत. आभाळातून उतरलेली ती कुपी ज्या सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची होती, तिथेच शर्मन केंट नावाचे विश्लेषक होते. १९५१ च्या एका अहवालात त्यांच्या गटाने युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं एकमताने लिहिलं. नंतर त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, की तुमच्या मनात शक्यता होती तरी किती? उत्तरं वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आली. एका शब्दावर सह्या सगळ्यांच्या, आणि आकडा प्रत्येकाचा आपापला! १९६४ च्या लेखात केंट यांनी अशा शब्दांना टक्के नेमून देण्याचा आग्रह धरला. सहकाऱ्यांचे त्यांनी दोन तट पाडले, गणिती आणि कवी. अंदाजाच्या शब्दांवरचं भांडण आजही याच दोन तटांत चालतं.

गोल आकडा आपोआप बोलतो

शब्द न लावताही अंदाज सांगता येतो. ‘सभेला हजार माणसं होती’ म्हटल्यावर कुणी मोजायला जात नाही. ‘हजार तीन होती’ म्हटलं की ऐकणारा चमकतो, कारण याचा अर्थ कुणीतरी मोजली. भाषावैज्ञानिक पीटर लासरसोन यांनी १९९९ मध्ये याला शब्दाभोवतीचं वलय म्हटलं. तीन वाजता म्हणजे तीनच्या आसपास, कारण ‘तीन’भोवती वलय आहे, ‘तीन वाजून एक मिनिटा’भोवती नाही. ‘बरोबर’, ‘ठीक’, ‘नेमके’ हे शब्द ते वलय आवळतात.

एव्हरेस्टची गोष्ट इथे आठवते. १८५६ मध्ये भारताचे सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी ‘शिखर १५’ची उंची २९,००२ फूट जाहीर केली. गणित खरं तर २९,००० वर आलं होतं, पण एवढा गोल आकडा लोकांना ठोकलेला अंदाज वाटेल, म्हणून दोन फूट वाढवले, असं सांगितलं जातं. आख्यायिका असेलही, पण ती टिकली आहे, कारण तिच्यातला स्वभाव खरा आहे. अचूक उत्तरावर विश्वास बसावा म्हणून ते किंचित चुकीचं करावं लागतं!

उलटी चूक आपल्या वर्तमानपत्रांत रोज भेटते : ‘सुमारे ३४७ शेतकऱ्यांना लाभ’. ३४७ मोजलेले असतील तर ‘सुमारे’ कशाला? ‘सुमारे दहा ते बारा’ हेही तसंच. पल्ला दिला की ‘सुमारे’ला काम उरत नाही. इंग्रजीचे संपादकही ‘अप्रॉक्सिमेटली’वर याच कारणाने लाल रेघ मारतात.

अशा सगळ्या शब्दांना भाषाविज्ञानात एक नाव आहे. जॉर्ज लेकॉफ यांनी १९७० च्या दशकात ते रूढ केलं : ‘हेज’, म्हणजे कुंपण. बेसबॉलशी त्याचा काही संबंध नाही. तरी दोन्ही वाटा कुंपणाशीच येऊन थांबतात.

मराठीचं कोठार

मराठीत या कामाला शब्दांची वाण नाही. सुमारे, अंदाजे, अदमासे, साधारण, ढोबळमानाने, मोघम, ठोकताळा. जुन्या महसुली कागदांत ‘अजमास’. शब्दांपेक्षाही मराठीची खुबी आहे ती आकड्यालाच वाकवण्यात. ‘वीस’ला ‘एक’ जोडला की ‘वीसेक’. ‘जवळजवळ शंभर’ शंभराच्या खालीच राहतो, ‘शंभरेक’ दोन्हीकडे झुकतो, ‘शंभरावर’ वर जातो आणि ‘जेमतेम शंभर’ कुरकुरतो. जोडीचे आकडे तर खास. आपण ‘पाच-सात’ म्हणतो आणि सहा गाळतो. ‘दहा-बारा’, ‘वीस-पंचवीस’, ‘शे-दीडशे’ म्हणतो, पण ‘अकरा-तेरा’ कुणी म्हणत नाही. ‘पाच-पन्नास’मध्ये तर पल्ला दहापट होतो, कारण तिथे आकडा महत्त्वाचा नसतोच. ‘असतील पाच-पन्नास’ म्हणजे होते थोडेफार, मी काही मोजत बसलो नाही.

अंदाजाला सरकारी शिक्का देण्यातही महाराष्ट्र मागे नाही. पिकांची पैसेवारी तीन टप्प्यांत जाहीर होते : नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हा हीच आणेवारी होती. पीक पन्नास पैशांच्या आत आलं की दुष्काळी सवलतींचा रस्ता खुला होतो, म्हणून या तीन विशेषणांकडे गावं डोळे लावून असतात. ‘नजरअंदाज’ म्हणजे शिवार डोळ्यांनी पाहून केलेला अदमास. हिंदीत याच शब्दाचा अर्थ ‘दुर्लक्ष’ होतो. ज्या गावाची पैसेवारी एकावन्न निघते, त्या गावाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. पण पद्धत म्हणून यात एक शहाणपण आहे. आकड्याची पायरी त्याच्या नावातच लिहिलेली आहे. नजरअंदाज आकडा कागदावर गेला तरी ‘नजरअंदाज’ हा शब्द गळत नाही, आणि सुधारणेची पुढची पायरी ठरलेलीच असते. हिंजवडीतल्या त्या एक्सेलच्या रकान्याला नेमकं हेच जमलं नव्हतं.

धरून चाला

मग ‘बॉलपार्क’ला मराठी प्रतिशब्द कोणता? ‘ढोबळ आकडा’ चालेल, ‘अंदाजे रक्कम’ही चालेल. पण हे शब्द आकडा कसा काढला तेवढंच सांगतात. बॉलपार्कमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या समजुतीची : यावर तू पुढचं काम कर, पण यावरून मला पकडू नको. त्यासाठी मराठीने नाम शोधलेलं नाही. क्रियापद मात्र कधीचं आहे.

लग्नघरी आचारी विचारतो, ‘‘पानं किती धरू?’’ यजमान म्हणतो, ‘‘तीनशे धरा.’’ ‘तीनशे आहेत’ असं तो म्हणत नाही आणि आचारीही तसं ऐकत नाही. तेवढ्यावर आचाऱ्याचं तांदूळ-डाळीचं गणित सुरू होतं, वाढपी ठरतात. पन्नास पानं वाढली तर पिठलं-भात पटकन टाकता येईल, एवढी सोय तो मनात ठेवतो. रंगारी ‘चाळीस हजार धरून चाला’ म्हणतो, तेव्हा त्यातही ‘चाला’ आहे. थांबू नका, पुढे व्हा, आकडा वाटेत नीट करू. अंदाज दोघांनी मिळून धरलेला असतो, त्यामुळे तो सोडायची वेळ आली तर दोघांनाही आधी कळवावं लागतं.

बॉलपार्क हा शब्द कचेरीत राहणार आहे आणि राहायला हरकतही नाही. परक्या खेळाचा असला तरी तो कामाचा आहे. फक्त तो वापरणाऱ्याने कुंपणही सांगावं : ‘सहा ते नऊ आठवडे धरा, पुढच्या बुधवारी पक्कं सांगतो.’ पल्ला लिहिला की तो रकान्यातून गळत नाही, आणि बुधवार ठरला की आकड्याला पुढची पायरी मिळते.

आचाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, चुलखंड मांडून झालं की तो खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत पुन्हा येतो आणि विचारतो, ‘‘तीनशे धरलेत. आता पक्कं सांगा.’’